काँक्रीटची भिंत? जोर मशीनचा असू द्या

नव्या फ्लॅटची किल्ली मिळते. पडदे शिवून तयार असतात, टीव्हीचा खोका हॉलमध्ये उभा असतो, देवघराची जागाही ठरलेली असते. घरातलं जुनं ड्रिल मशीन तुम्ही भिंतीला लावता. पुट्टीचा पातळ थर झटकन निघतो आणि मग मशीन पुढे सरकायलाच तयार होत नाही. नुसता कर्णकर्कश आवाज, जळका वास आणि टोक काळंनिळं पडलेलं बिट! घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘जोर लाव ना जरा.’’ जोर लावून हात दुखतात, भोक मात्र अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे जात नाही.

दोष तुमच्या हातांचा नाही. भिंत एका प्रकारची आहे आणि मशीन दुसऱ्याच प्रकारच्या भिंतीसाठी बनलेलं आहे. काँक्रीटसाठी वेगळं मशीन असतं. त्याला रोटरी हॅमर म्हणतात आणि आता तो बॅटरीवर चालणाराही मिळतो. तो चांगला निवडला, तर शिडीवर उभं राहून अंगाचा भार टाकण्याची गरज उरत नाही. म्हणूनच घरातली बाई असो वा साठीचे आजोबा, बेताच्या ताकदीच्या माणसालाही हे काम जमू शकतं. अट एकच, खोक्यावरची चकचकीत अक्षरं बघून खरेदी करू नका.

आधी भिंत ओळखा

पूर्वीच्या इमारतींत कॉलम, बीम आणि स्लॅब तेवढे काँक्रीटचे असायचे. मधल्या भिंती विटांच्या असायच्या. विटेत साधं ड्रिल सहज जातं. मात्र मुंबई, ठाणे, पुण्यापासून बंगळुरू, हैदराबाद, नोएडापर्यंत आता कितीतरी टॉवर अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतून बांधले जातात. बांधकामाच्या भाषेत त्याला सर्रास ‘मायवन’ म्हणतात. यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतले जातात, म्हणजे आतली साधी भिंतही सळई घातलेल्या काँक्रीटची असते. अशा घरात कॅलेंडर टांगायचं म्हटलं तरी गाठ काँक्रीटशीच पडते.

तुमची इमारत जुनी असली, तरी एका जागी काँक्रीट भेटतंच. खिडकी आणि दाराच्या वर वजन पेलण्यासाठी काँक्रीटचा लिंटेल घातलेला असतो आणि पडद्याचा रॉड नेमका तिथेच लावायचा असतो. बाकी भिंतीत सरसर जाणारं ड्रिल खिडकीवर का अडतं, याचं उत्तर हेच आहे.

भोकातून पडणारी भुकटी बघा, ती भिंतीची ओळख सांगते. लाल-नारिंगी भुकटी म्हणजे वीट. करडी, बारीक भुकटी आणि पुढे सरकायला नाराज असलेलं बिट म्हणजे काँक्रीट. पांढरट, हलकी भुकटी आणि लोण्यात जावं तसं आत जाणारं बिट म्हणजे बहुधा एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेला हलका ब्लॉक. त्यात ठोके देणारं मशीन वापरलंत तर भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी ठोकायचा प्लास्टिकचा वॉल प्लग, सैल बसते. तिथे ठोके बंद ठेवून नुसतं फिरवायचं.

तुमच्या घरात वीट किंवा एएसी ब्लॉक असेल आणि काँक्रीट फक्त खिडकीवर भेटत असेल, तर खरेदीचा विचार इथेच थोडा थांबवा. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर पुढे वाचा.

नाव हॅमर, काम मात्र वेगळं

दुकानात ‘हॅमर मशीन द्या’ म्हटलं की दोन पूर्ण वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. खरी गल्लत इथेच होते.

पहिली वस्तू म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल. काही जण त्याला हॅमर ड्रिलही म्हणतात. त्याच्या आत दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात आणि बिट किंचित पुढेमागे हलतं. ठोके खूप असतात, पण अगदी हलके. तुम्ही मागून दाबाल तेवढाच त्यांचा जोर. विटेला ते पुरतं. काँक्रीटमध्येही एखाददुसरं बारीक भोक मिनतवारीनं पडतं, पण दहावं भोक पाडायची वेळ आली की हात, बिट आणि मशीन तिन्ही थकतात.

दुसरी वस्तू म्हणजे रोटरी हॅमर. याच्या आत एक पिस्टन हवा दाबतो. त्या दाबलेल्या हवेनं एक जड दांडा पुढे फेकला जातो आणि तो बिटाच्या मागे थेट आदळतो. सायकलच्या पंपाचं तोंड बंद करून दांडा दाबल्यावर हवा कशी उसळी घेते ते आठवा, तत्त्व तेच. इथे जोर मशीन तयार करतं. तुम्ही ते सरळ धरायचं आणि भिंतीशी टेकलेलं राहील इतपत दाब द्यायचा. जास्त दाबल्यानं भोक लवकर पडत नाही, उलट ठोक्याची लय बिघडते. जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९३२ साली अशा विजेच्या हॅमरची सुरुवात केली. आता तेच तत्त्व बॅटरीवरच्या छोट्या मशीनमध्ये आलं आहे.

दोन्हींतला फरक दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो. मशीनचं तोंड बघा. तीन जबड्यांनी बिट आवळायचं असेल, मग ते चावीनं असो की हातानं, तर ते इम्पॅक्ट ड्रिल. पुढची कॉलर मागे ओढून किंवा नुसतं ढकलून बिट ‘टक्’ करून बसत असेल आणि बिटाच्या मागच्या टोकाला खाचा असतील, तर तो रोटरी हॅमर. या खाचांच्या पद्धतीला एसडीएस म्हणतात. बॉशनं ती १९७५च्या सुमारास आणली आणि आज बहुतेक कंपन्या ती वापरतात. घरगुती आणि हलक्या कामाच्या मशीनला एसडीएस-प्लस असतं, त्याच्या बिटाचा मागचा दांडा १० मिमी जाड असतो. एसडीएस-मॅक्सचा दांडा १८ मिमी जाड असतो. ते तोडफोड करणाऱ्या कंत्राटदाराचं मशीन आहे, घराला त्याची गरज नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचाल?

ज्यूल : सगळ्यात आधी हा आकडा शोधा. एका ठोक्यात किती ऊर्जा आहे, हे तो सांगतो. एक किलोची वस्तू २० सेंटिमीटरवरून पडली तर आदळताना साधारण २ ज्यूल ऊर्जा असते. बॅटरीवरचे छोटे रोटरी हॅमर साधारणपणे १ ते ३ ज्यूलच्या दरम्यान असतात. पडदे, कपाटं, टीव्ही यांसाठी ६ ते १० मिमीची भोकं लागतात. त्यांना दीड ते दोन ज्यूल पुरेसे आहेत. वारंवार १२ मिमी किंवा त्याहून मोठे अँकर बसवायचे असतील तर अडीचच्या आसपास बघा. ज्यूलच्या आकड्यासोबत ‘ईपीटीए’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. याचा अर्थ तो आकडा कंपन्यांनी मान्य केलेल्या एकाच पद्धतीनं मोजला आहे, त्यामुळे दोन मशीनची तुलना करता येते.

मिनिटाला किती ठोके : इथे फसगत होते. इम्पॅक्ट ड्रिलवर मिनिटाला ४० हजारांच्या पुढचा आकडा दिसतो आणि रोटरी हॅमरवर चार-पाच हजार. मोठा आकडा बघून स्वस्त मशीन जास्त ताकदवान वाटतं. पण ४० हजार टिचक्यांपेक्षा चार हजार घणाचे घाव काँक्रीटला भारी पडतात.

व्होल्ट : एका मशीनवर १८ व्होल्ट लिहिलेलं असतं, शेजारच्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’. दुसरं जास्त ताकदीचं समजू नका. दोन्हींत बहुधा लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल सुमारे ४ व्होल्ट दाखवतो, म्हणून २०. कामाच्या वेळी सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणून १८. बॅटरी तीच, फक्त लेबल वेगळं. १२ व्होल्टचे हॅमरही मिळतात. ते हलके असतात आणि ६ मिमीच्या मोजक्या भोकांसाठी चालतात.

अँपिअर-अवर : ही बॅटरीची टाकी समजा. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर साठा. २ अँपिअर-अवरची बॅटरी हलकी असते, पण काँक्रीटमध्ये लवकर संपते. घरासाठी ४ अँपिअर-अवरची एक चांगली बॅटरी पुरते. एका चार्जमध्ये ६ मिमीची काही डझन भोकं सहज होतात.

कमाल व्यास : ‘काँक्रीटमध्ये २४ मिमी’ असं लिहिलेलं असतं. ही मशीनची शेवटची मर्यादा आहे, रोजचं काम नव्हे. माहितीपत्रकात ‘योग्य व्यास’ वेगळा दिलेला असतो, तो साधारण अर्ध्याच्या आसपास निघतो. तुमचं काम त्यात बसतंय का, ते बघा. स्प्लिट एसीच्या पाइपसाठी लागणारं ६०-६५ मिमीचं आरपार भोक या मशीनचं काम नाही. ते कोअर कटिंगवाल्याकडूनच करून घ्या.

बॅटरी म्हणजे लांबचं नातं

कॉर्डलेस मशीन घेताना खरं तर तुम्ही एका कंपनीची बॅटरी निवडत असता. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. पुढे स्क्रूड्रायव्हर, ब्लोअर किंवा गवत कापायचं यंत्र घ्याल, तेव्हा तीच बॅटरी चालली तर पैसे वाचतात. म्हणून घरात एखाद्या कंपनीचं बॅटरीवालं मशीन आधीपासून असेल, तर पहिली चौकशी त्याच कंपनीच्या हॅमरची करा.

ऑनलाइन खरेदी करताना ‘सोलो’, ‘बेअर टूल’ किंवा ‘बॉडी ओन्ली’ हे शब्द डोळ्यात तेल घालून बघा. किंमत एकदम कमी दिसते, कारण खोक्यात बॅटरी आणि चार्जर नसतात. ते वेगळे घेतले की बिल भलतंच वाढतं.

आपल्याकडे लिथियम बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा ते चिन्ह बघा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, हेही विचारा. मुंबई-पुण्यात सहज मिळणारा सुटा भाग इंदूर, बडोदा किंवा बेळगावात मिळेलच असं नाही. ब्रशलेस मोटर असेल तर कार्बन ब्रश बदलायची कटकट नसते आणि त्याच बॅटरीत काम जास्त होतं. बजेटमध्ये बसत असेल तर तीच घ्या.

घरी आणल्यावर बॅटरी बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. खूप दिवस वापरायची नसेल तर साधारण अर्धी चार्ज करून ठेवा. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ती ई-कचरा संकलन केंद्रावर द्यायची.

दुकानात हातात धरून बघा

बॅटरीसकट या मशीनचं वजन अडीच ते साडेतीन किलोच्या घरात जातं. टेबलावर ते हलकं वाटतं, डोक्याच्या वर धरलं की कळतं. दुकानात बॅटरी लावून ते दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर मिनिटभर धरून बघा. बोट ट्रिगरपर्यंत नीट पोहोचतं का? बाजूचा दांडा तुमच्या सोयीच्या बाजूला वळतो का?

सेफ्टी क्लच आहे की नाही, हे नक्की विचारा. बिट सळईत अडकतं तेव्हा ते फिरायचं थांबतं आणि सगळं मशीन गरकन फिरून मनगट पिरगाळतं. क्लच हा झटका सोडवतो. काही मशीनमध्ये असा झटका ओळखून मोटर आपोआप बंद होते. शिडीवर उभं राहून काम करणाऱ्यासाठी ही चैन नाही, गरज आहे.

नुसतं फिरणं, फिरणं आणि ठोके, नुसते ठोके अशा तीन सोयी असतील तर तेच मशीन छिन्नी लावून जुनी टाइल काढायलाही उपयोगी पडतं. भोकाची खोली ठरवणारी पट्टी सोबत येते का, हेही बघा.

बिटावर कंजुषी नको

मशीनवर हजारो रुपये खर्च करून लोक बिट मात्र रस्त्यावरून उचलतात. बिटाच्या टोकावर कार्बाइडचा कठीण तुकडा असतो, तोच काँक्रीट फोडतो. हलक्या बिटाचा हा तुकडा निघून येतो किंवा भोक आकारापेक्षा मोठं पडतं. बिटावर ‘पीजीएम’ हे चिन्ह असेल तर टोकाचा व्यास ठरलेल्या मापात असल्याची खात्री असते. सळई असलेल्या भिंतीसाठी चार धारांचं टोक चांगलं, ते दोन धारांच्या टोकापेक्षा कमी अडकतं.

सुरुवातीला ६, ८ आणि १० मिमीची तीन चांगली बिटं बस्स झाली. बसवण्यापूर्वी मागच्या दांड्याला बोटभर ग्रीस लावा. गुळगुळीत टाइलवर ठोके बंद ठेवून टाइलच्या बिटानं सुरुवात करा. टाइल पार झाली की बिट बदला आणि मग ठोके सुरू करा.

भोक पाडण्याआधी पाच मिनिटं

वायर : मशीन बॅटरीवर आहे, म्हणून शॉक बसणार नाही असं समजू नका. भिंतीतल्या चालू वायरला बिट लागलं तर करंट मशीनच्या धातूच्या भागांत येऊ शकतो. स्विचबोर्ड आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळा. त्या खोलीचा एमसीबी बंद करा. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत आधी पाण्याच्या पाइपची दिशा विचारून घ्या. वायर आणि धातू शोधणारं छोटं डिटेक्टर मिळतं, ते जरूर घ्या.

सळई : बिट अचानक थांबलं, आवाज धातूचा येऊ लागला, तर थांबा. सळई कापायचा हट्ट धरू नका, इमारतीचा भार तिच्यावर असतो. भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या आणि जुनं भोक भरून टाका. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार कॉलममध्ये मुख्य सळईवर किमान ४० मिमी काँक्रीटचं आवरण असावं लागतं. ६ मिमीच्या गिट्टीचं भोक साधारण तेवढंच खोल असतं, तेव्हा कॉलममध्ये त्याहून खोल जाणारे अँकर लावायचेच नाहीत. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. छताला झोपाळा किंवा कपडे वाळवायचा स्टँड टांगण्यापूर्वी बिल्डरला किंवा सोसायटीला हे विचाराच. अशी केबल तुटणं जिवावर बेतू शकतं.

धूळ : काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साचते. एका दिवसात काही होणार नाही, पण ओढणी नाकाला बांधणं हा उपाय नव्हे. एन-९५ मास्क आणि चष्मा घाला, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. भोकाच्या खाली जुनं पाकीट टेपनं चिकटवलं की बरीच भुकटी त्यातच पडते. तुमच्या घरी काम करायला येणाऱ्या कारागिरालाही मास्क द्या, कारण तो हीच धूळ रोज, वर्षानुवर्षं घेतो.

आवाज : हे मशीन ९० डेसिबलच्या आसपास आवाज करतं, तेव्हा कानात बोळे हवेत. काँक्रीटच्या इमारतीत हा आवाज दोन मजले वर-खाली जातो. सोसायटीची वेळ पाळा आणि शेजारी तान्हं बाळ असेल तर आधी सांगून ठेवा.

आणि शेवटी, भोक झालं की आतली भुकटी पूर्ण काढा. भुकटी राहिली तर गिट्टी किंवा अँकर भिंतीला धरत नाही, धुळीला धरतो. १५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच १५ किलो असतं. त्याच्या खाली रोज कुणीतरी आंघोळीला उभं राहणार आहे, हे विसरू नका.

विकत घ्यायचं की नाही?

आता कागद-पेन घ्या आणि भोकं मोजा. चार खिडक्या, प्रत्येकीवर तीन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे २४ भोकं. टीव्हीला सहा, गिझर आणि वॉटर प्युरिफायरची चार, आरसे, फोटो, घड्याळं आणि देवघराची वीसेक. म्हणजे पन्नास-साठ भोकं, तीही पहिल्या महिन्यात. त्यानंतर वर्षाला जेमतेम चार-पाच.

हा हिशेब स्वतःशी प्रामाणिकपणे करा. भाड्याच्या घरात राहत असाल, तर मशीन भाड्यानं आणा किंवा कारागीर बोलवा. भोकामागे पैसे घेणारे इलेक्ट्रिशियन सगळीकडे मिळतात. पैसे कमी आणि काम घरातच, प्लगजवळच असेल, तर वायरवाला रोटरी हॅमर तेवढ्याच ताकदीत बराच स्वस्त पडतो. कॉर्डलेसचे जास्तीचे पैसे तेव्हाच सार्थकी लागतात, जेव्हा शिडी, गच्ची, बाल्कनी, गावाकडचं घर अशा ठिकाणी वायर ओढणं अडचणीचं असतं किंवा बॅटरी इतर मशीनलाही चालणार असते.

एक चांगला मार्ग म्हणजे वर्गणी. नव्या सोसायटीत सगळ्यांनाच एकदम भोकं पाडायची असतात. मजल्यावरच्या चार घरांनी मिळून एक चांगला हॅमर, दोन बॅटऱ्या आणि बिटांचा संच घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच पैसे येतात. मशीन कुणाकडे राहील आणि बिट मोडलं तर कोण आणेल, एवढं आधी ठरवा.

स्वतः घ्यायचं नसलं, तरी ही माहिती वाया जात नाही. पुढच्या वेळी कारागीर आला की त्याच्या मशीनचं तोंड बघा. तीन जबड्यांचं ड्रिल घेऊन तो काँक्रीटच्या भिंतीशी झटापट करत असेल आणि ‘‘ताई, तुमची भिंतच खराब आहे,’’ म्हणत असेल, तर शांतपणे सांगा, ‘‘भिंत उत्तम आहे दादा. एसडीएसवाला हॅमर घेऊन या.’’